राघूची मान

नव्वदच्या दशकात नाशिककडच्या लग्नांत सगळ्यात जास्त रुबाब कोणाचा असायचा, असं कोणी विचारलं तर मी मुळीच लाजणार नाही. माझा. खांद्यावर उखळाएवढा कॅमेरा घेऊन मी मांडवात शिरलो की भटजी मंगलाष्टकांच्या मध्ये माझ्याकडे एक नजर टाकायचे. एकदा मी हात वर केला नाही म्हणून अंतरपाट खालीच आला नव्हता, आणि मुलीचा मामा घड्याळ बघत घामाघूम झाला होता. पंगतीत मी दिव्याचा झोत टाकला की तोवर निवांत जेवणाऱ्या बायका जिलबीचा तुकडा बोटांत धरून देवीच्या मूर्तीसारख्या स्थिर व्हायच्या. मी पुढे सरकलो की मूर्ती पुन्हा जेवायला लागायच्या.

खरी कलाकारी त्यानंतर, दुकानात. पंचवटीतल्या माझ्या दुकानात दोन व्हीसीआर, एक टीव्ही आणि इफेक्टचं एक मशीन होतं. त्या मशीनवर मी नवरीला कमळातून वर काढायचो, नवरदेवाला बदामात बसवायचो आणि व्याही मंडळींना वहीचं पान उलटावं तसं उलटून टाकायचो. लोक म्हणायचे, "काय डोकं आहे!" मलाही अगदी तसंच वाटायचं.

या कामात एक गोम होती. एका व्हीसीआरमध्ये मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी. हवा तो तुकडा शोधायचा आणि दोन्हीकडची बटणं एकदम दाबायची. असे तुकड्याला तुकडा जोडत तीन तासांची कॅसेट तयार व्हायची. पण अक्षता झाल्या, जेवणं झाली, पाठवणीही जोडून झाली आणि मग कळलं की सुरुवातीला सीमांतपूजनातली आत्याबाई राहिली, तर संपलं. मध्ये काही घुसवायची सोयच नव्हती. आत्याबाईपासून पुढचं सगळं पुन्हा. असा कितीतरी आत्याबाईंचा उद्धार मी त्या दुकानात केला आहे.

एका लग्नासाठी मी येवल्याला गेलो होतो. पाठवणी झाल्यावर वायरी गुंडाळत होतो, तेवढ्यात साधारण तिशीची एक बाई समोर येऊन उभी राहिली. कडेवर मूल नाही, हातात ताट नाही, म्हणजे हिला शूटिंगबद्दलच काहीतरी विचारायचं आहे, हे मी ओळखलं.

"भाऊ, तुमची कॅसेट मागं नेऊन परत परत बघता येती ना?"

"हजारदा बघा, ताई."

"आणि मधीच थांबवता येती?"

"येते. पण जास्त वेळ थांबवली तर झिजते."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "झिजू द्या. माझ्या सासऱ्यांची शूटिंग करायची हाये. हातांची."

तिच्या घरी दोन हातमाग होते. एकावर सासरे पैठणी विणायचे. दुसरा नवऱ्याचा, पण तो नाशिकला कारखान्यात लागला होता आणि रविवारी यायचा. तो माग आता ती चालवायची. साडीचं साधं अंग आणि लहान बुट्टी तिला जमत होती. गावात मोर विणणारे गल्लोगल्ली होते, पण तिचे सासरे पदरावर एक राघू विणायचे, तो दुसऱ्या कुठल्या घरात नव्हता. मान पूर्ण मागे वळवून स्वतःच्याच शेपटीकडे बघणारा राघू. त्यांच्या वडिलांकडून आलेला. चौकटीच्या कागदावर त्याचा नकाशा नाही, घरात एकही नमुना नाही. विणणाऱ्याच्या घरात पैठणी राहते कुठे? राघू होता तो फक्त म्हाताऱ्याच्या डोक्यात आणि बोटांत. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं होतं आणि दुसऱ्यावर पडदा येत होता. मागावरचा पदर हा त्यांचा शेवटचा, असं त्यांनीच जाहीर केलं होतं.

"मग शिकून घ्या की त्यांच्याकडून," मी म्हणालो.

"किती येळा इचारलं. शिकवत नाय असं नाय. त्यांना सांगताच येत नाय. कुठला धागा उचलायचा म्हणलं की हात थांबतो, आणि हात थांबला की त्यांनाच आठवत नाय. मी जवळ उभी राहून बघितलं तर चुकतात, मग चिडतात. म्हणतात, राघू माझ्याबरोबर जाऊ दे." तिने आवाज खाली आणला. "पण त्यांना शूटिंगची लय हौस हाये. आपण म्हणू, नातवंडांना आठवण म्हणून करतोय."

हा कट मला फारच आवडला. मी लगेच सामील झालो.

पुढच्या आठवड्यात कॅमेरा मांडीवर घेऊन येष्टीने येवल्याला गेलो. आबा, म्हणजे तिचे सासरे, धुतलेलं धोतर, कोरी टोपी आणि कपाळाला अष्टगंध लावून मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तयारच होते. पैठणीच्या पदरात नक्षीला या टोकापासून त्या टोकापर्यंत फेकायचा धोटा चालत नाही. प्रत्येक रंगाची वेगळी बारकी कांडी असते. उभे धागे बोटांनी मोजून उचलायचे, त्यातून रंगाची कांडी सरकवायची, शेजारच्या रंगात अडकवायची, की फणीचा एक ठोका. झाली एक ओळ. अशा शेकडो ओळी. आबा विणताना पुटपुटायचे, "पाच सोड, तीन घे, हिरवा. चार सोड, एक घे, लाल." विचारलं तर न सांगता येणारी सगळी विद्या तोंडातून आपोआप गळत होती.

मी काय केलं असेल? मी चेहरा घेतला. आयुष्यभर चेहरेच घेत आलो होतो. टोपी, अष्टगंध, मिशी. मग रंगीत कांड्या. मग जरा हात, परत मिशी. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा चालली आहे म्हटल्यावर कॅमेरा बंद करायचा, हे तर माझ्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. दुकानात येऊन मी त्याची चार मिनिटांची फक्कड फिल्म बनवली. राघू गरगर फिरत यायचा, फुटायचा आणि त्यातून बदामात आबा. पुटपुट ऐकायला बरी नव्हती, म्हणून ती पुसून वर सनई टाकली. आणि मूळ कॅसेटवर निफाडचं एक बारसं घेतलं. कॅसेटी काही झाडाला लागत नव्हत्या.

व्हीसीआर बरोबर घेऊनच मी येवल्याला ती दाखवायला गेलो. आबा इतके खूश झाले की चार शेजाऱ्यांना बोलावून पुन्हा लावायला लावली. सून मात्र दुसऱ्यांदा बघायला थांबली नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो तर ती पाठ करून कणीक मळत होती.

"ताई, आवडली नाही का?"

"हात कुठायत, भाऊ? मोजणी कुठाय?"

"ते... तेच तेच होतं, म्हणून..."

"तेच तेच नसतंय ते. परत्येक ओळ येगळी हाये. तुम्ही सगळं उसवून फकस्त गाठी ठेवल्या." मग वळून म्हणाली, "आधीची कॅसेट हाये ना?"

त्या कॅसेटवर आता निफाडचं बाळ पाळण्यात हातपाय झाडत होतं. मी ते सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. तिने कणकेवर फडकं टाकलं, मागाशी गेली आणि किती पदर राहिला ते बघून आली. "राघूंची एक ओळ ऱ्हायलीय. दोन दिवसांचं काम."

"एक क्षणही बंद करणार नाही," मी म्हणालो.

मी ते खरंच पाळलं. तिवई लावली, तीन-तीन तासांच्या कॅसेटी घेतल्या आणि दोन दिवस त्या खोलीत बसून राहिलो. आबांची पाठ भिंतीला होती, मागे जागा नव्हती, म्हणून कॅमेरा समोरून. ओळीत सात राघू होते. सगळे घेतले तर बोटं बारीक दिसणार, म्हणून टोकाच्या एका राघूवर झूम करून आबांचे हात आणि खाली झुकलेला चेहरा एवढंच ठेवलं. पहिला दिवस मला फार जड गेला. कोणी अक्षता टाकत नाही, कोणी रडत नाही. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मात्र काहीतरी बदललं. ठोका पडला की एक रेघ वाढायची, आणि ती रेघ बघण्यात मी इतका गुंगलो की कॅसेट संपल्याचं कळलं नसतं, यंत्र खटकलं म्हणून कळलं. चार मिनिटांच्या फिल्ममध्ये मी जे काढून टाकलं होतं तेच सगळं बघण्यासारखं होतं, हे मला त्या दुपारी पटलं. धंद्याच्या दृष्टीने ते पटणं फारसं उपयोगाचं नव्हतं.

भरलेल्या सात कॅसेटी तिला दिल्या आणि माझा जुना, कॅसेट मागे घेताना कण्हणारा एक व्हीसीआरही दिला. निफाडच्या बाळाचं प्रायश्चित्त म्हणा.

त्या लग्नाला आणि शूटिंगला चार-पाच वर्षं झाली. मधल्या काळात कॅसेटी जाऊन सीडी आली, कॉम्प्युटरवर मिक्सिंग सुरू झालं आणि विसरलेली आत्याबाई कुठेही घुसवता येऊ लागली. एक दिवस दुकानात नाशिकचीच एक मुलगी आली. मुंबईला कला शिकली होती आणि व्हिडिओ आर्ट करत होती. मी विचारलं, म्हणजे लग्नं का? ती हसून म्हणाली, "नाही काका. माझी एक फिल्म आहे. एका खिडकीवरचा पडदा हलतो. चाळीस मिनिटं."

"मग पुढे काय होतं?"

"पडदाच हलतो."

दुसऱ्या कोणाला ती मुलगी चक्रम वाटली असती. मी तिला बसवलं, चहा मागवला आणि छाती काढून म्हणालो, "चाळीस मिनिटांचं काय कौतुक सांगतेस? मी दोन दिवसांची केली आहे." तिचा विश्वास बसेना. म्हणून रविवारी तिला घेऊन येवला गाठलं.

आबा ओट्यावर ऊन खात बसले होते. दुसऱ्या डोळ्यानेही आता उजेड तेवढा कळायचा. "शूटिंगवाले का? चालण्यावरून ओळखलं, पाय घासत चालता," असं म्हणून त्यांनी आम्हाला आत पाठवलं.

मी आतल्या खोलीच्या दारातच थबकलो. सून मागावर बसली होती. टीव्ही मात्र तिच्यासमोर नव्हता, तो तिच्या पाठीमागे उजवीकडे, कोनाड्यात होता. तिच्यासमोर, मागाच्या पलीकडे, लग्नात माहेरून आलेला उभा आरसा टेकवून ठेवला होता, आणि त्या आरशात टीव्हीवरचे आबा विणत होते. ती आरशात बघायची, खाली बघायची, कांडी सरकवायची. आरशातल्या आबांच्या पुढ्यात राघू, तिच्या पुढ्यात राघू.

"हे असं का?" मी विचारलं.

"तुम्ही समोरून शूटिंग केली ना भाऊ. आबांचा उजवा हात टीव्हीत डावीकडं दिसायचा. सा महिने राघू उलटाच वळत होता. मग एकदा केस इंचरताना टीव्ही आरशात दिसला, आणि हात जिथल्या तिथं आले." ती हसली. "लोडशेडिंग असतंय. लाइट असली की बघायचं, गेली की इणायचं. माग काय लाइटीवर चालत नाय. त्यानं पाठ व्हायला बरं पडलं."

पाठीमागे कॅसेट थांबवल्याच्या खुणा पडद्यावर दिसत होत्या. जिथे तिने हजारदा थांबवलं तिथली फीत झिजून आडव्या पांढऱ्या रेघा धावत होत्या. मुलगी त्या रेघांकडे टक लावून बघत होती. तिने हलकेच मला सांगितलं की टीव्हीचं चित्र आडव्या रेघांनीच भरत जातं, एकीखाली एक.

सुनेने ते ऐकलं. "मग त्यालाबी आडवा धागाच हाये की," ती म्हणाली. "फकस्त वरून खाली इणतंय. आम्ही खालून वर."

मुलीने पिशवीतून वही काढली, काही लिहिणार तोच थांबली आणि म्हणाली, "ताई, हे असंच्या असं एखाद्या गॅलरीत मांडलं तर लोक बघायला येतील. टीव्ही, आरसा, माग, तुम्ही. आरशात त्यांना बघताना तुम्हाला काय वाटतं?"

"मान कुठं वळती ते बघती."

मी हसू दाबलं. मुलीनेही.

एरवी बारीक ठेवलेला टीव्हीचा आवाज तिने आज आमच्यासाठी मोठा केला होता. एवढ्यात दाराशी काठी वाजली. आबा उभे होते, मान तिरकी करून ऐकत. "कोण बसलंय मागावर?"

"मी हाये, आबा."

"तुझा ठोका मला माहीत हाये. हा तुझा न्हाई. हा माझा ठोका हाये." त्यांनी चेहरा टीव्हीच्या दिशेने फिरवला. तिथून त्यांचाच आवाज येत होता, चार सोड, एक घे. त्यांच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ, मग राग, मग पुन्हा गोंधळ असं काहीतरी झालं. ते भिंत धरत आले, मागाच्या कडेला बसले आणि हात पुढे केला. सून सरकली. त्यांनी विणलेल्या पदरावर बोटं ठेवली. अंगठा वरून, बाकीची बोटं खालून. पैठणीला उलटी बाजू नसते, दोन्हीकडून सारखीच. अंगठा शेपटीवरून पाठीवर आला, पाठीवरून गळ्याकडे. सून त्या अंगठ्याकडे बघत होती. चार वर्षं लपवून केलेलं काम त्या अंगठ्याखाली होतं. तो नको म्हणाला असता तर तिने पुन्हा राघूला हात लावला नसता, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मानेपाशी अंगठा थांबला. मागे गेला. पुन्हा आला.

"हे माझं न्हाई."

"तुमचंच हाये, आबा. जसंच्या तसं."

"मान मोडलीय त्याची. एक धागा कमी घेतलाय. दुसऱ्यातबी. सगळ्यात!" त्यांनी पुढचे राघू चाचपले. "माझा राघू असा मान मोडून बघत न्हाई."

"कॅसेटमधी तसंच हाये." आता तिचाही आवाज चढला. "दाखवती." तिने उठून व्हीसीआर मागे घेतला. तो कण्हत कण्हत मागे गेला, आणि सुरू झाला. आबांचा पुटपुटता आवाज: "सहा सोड..." आणि त्यावर, खोलीभर घुमणारा, लग्नाच्या मांडवात शोभेलसा माझा आवाज: "आबा, एकदा इकडे बघा! हां! झकास!"

पडद्यावर आबांनी वर बघितलं, मिशीतल्या मिशीत गोड हसले, आणि खाली बघून एक धागा कमी उचलला.

दोन दिवसांत मी तोंड उघडलं ते एवढंच. मला आठवतही नव्हतं. सवय. कॅमेऱ्यामागे उभा राहिलो की ते वाक्य माझ्या तोंडून पडतंच. त्या ओळीतले इतर सहा राघू ठीक असणार, पण मी झूम केला होता तो नेमका सातव्यावर. कुठल्याशा नवरीच्या खांद्यावर तो एक मान मोडलेला राघू आजही बसलेला असेल, आणि सुनेने चार वर्षं इमानाने त्याचीच नक्कल केली होती.

मग आबांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते. "या शूटिंगवाल्यानं! माझ्या राघूची मान यानं मोडली! आणि मी हसलो, बघा!"

"आबा, मी..." मी सुरुवात केली.

"गप बसा. तुमच्या बोलण्यानंच हे झालंय." मग सुनेकडे वळून, "उसव."

"किती?"

"गळ्यापर्यंत. त्याच्याशिवाय मधला धागा कसा घेशील?"

ती बसली. ओळ सुटत गेली, कांड्या मागे येत गेल्या. चार बोटं वीण निघाली आणि त्याला बराच वेळ लागला. मुलीने मधेच पिशवीतून आपला छोटा कॅमेरा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिला खुणेने आबांच्या मागच्या कोपऱ्यात चढवलं, जुन्या पेटीवर, जिथे माझा उखळाएवढा कॅमेरा कधीच मावला नसता आणि जिथून फक्त चार हात दिसतील. तोंडावर बोट ठेवून दाखवलं. ते माझ्याच तोंडावर ठेवायची जास्त गरज होती.

गळा आला. आबांनी हात तिच्या हातावर ठेवला. इतकी वर्षं विचारलं तेव्हा त्यांना सांगता आलं नव्हतं. चूक बोटाखाली आल्यावर मात्र सगळं येत होतं. "इथं न्हाई. हा. हा धागा. दोन न्हाई, तीन. आता हिरवा खालून घे, लालाला मिठी मारू दे. हां. ठोक." तिने ठोकला. "हळू. राघूची मान हाये, दार न्हाई." पुढची ओळ. "आता एकानं मागं ये." पुढची. त्यांचा हात तिच्या हाताबरोबर फिरत होता, मग नुसता वर टेकलेला होता, मग तिच्या मनगटापाशी आला. एका ओळीला ते "चार" म्हणेपर्यंत तिची बोटं चार सोडून पुढे गेली होती. त्यांनी हात काढून स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि चेहरा खाली घालून ऐकत राहिले.

कोनाड्यात टीव्ही चालूच होता. त्यातले आबा, डोळे धड असलेले, त्यांच्या वेगाने विणत होते. दोन ठोके एकमेकांत मिसळत होते. एक आत, एक बाहेर, थोडेसे मागेपुढे.

आबांनी कपाळाला आठी घातली. "तो बंद करा कुणीतरी," ते म्हणाले. "दोन माग एकदम वाजले की सूनबाईला मोजता येत न्हाई."

मी उठलो आणि बंद केला.